वायपरच्या मोटारीपासून दणकट सर्वो

गणपतीच्या हलत्या देखाव्यातला राक्षस हात उगारतो आणि खाली घेतो, एवढंच काम होतं. मूर्तिकाराने फायबरचा हात करून दिला, खांद्यापासून बोटांपर्यंत 3 किलो. मंडळातल्या एका उत्साही कार्यकर्त्याने ऑनलाइन सर्वो (सांगितलेल्या जागी जाऊन थांबणारी मोटारीची डबी) मागवला, काड्यापेटीहून थोडा मोठा, धातूच्या गियरचा. सर्वोने पहिल्याच प्रयत्नात कुईं केलं आणि गियरचे दात टाकले. मग मंडळवाले माझ्याकडे आले. त्या वर्षी मी जे केलं, आणि नंतर तीनचार वर्षं चुका करत जे सुधारलं, ते इथे क्रमाने लिहितो. सोल्डरिंग येत असेल आणि आर्डुइनोवर (प्रोग्रॅम घालता येणाऱ्या छोट्या बोर्डावर) एखादा दिवा लुकलुकवला असेल, तर तुम्हाला हे जमेल.

आधी हिशेब

हात 3 किलोचा, त्याचा वजनाचा मध्य खांद्यापासून 40 सेंटिमीटरवर. हात आडवा असताना खांद्यावर 3 × 40 = 120 किलो-सेंटिमीटर एवढा पीळ येतो. दुकानात मिळणारा एमजी996आर जातीचा सर्वो 6 व्होल्टवर फार तर 11 किलो-सेंटिमीटर देतो, आणि तोही अडून बसलेला असताना. म्हणजे आपण हत्तीचं ओझं शेळीवर लादलं होतं.

पण सर्वो म्हणजे जास्त ताकदीची मोटार नव्हे, हे आधी डोक्यात बसवा. मोटारीला फक्त फिरणं कळतं. सर्वोला आपण कुठे आहोत हे कळतं, आणि सांगितलेल्या जागी जाऊन तो थांबतो. त्या छोट्या डबीत चार गोष्टी असतात: मोटार, गियर, शेवटच्या दांड्यावर बसवलेला पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवला की बदलणारा रोध (यापुढे पॉट), आणि ‘हवंय कुठे, आहे कुठे’ याची तुलना करणारं सर्किट. ‘सर्वो’ हा शब्द रूढ करणारा फ्रेंच इंजिनियर जोसेफ फार्को याने 1873 मध्ये ज्या यंत्राबद्दल लिहिलं, ते वाफेच्या जहाजाचं सुकाणू वळवणारं होतं. माणसाने हलकं चाक फिरवायचं आणि जड सुकाणू तेवढंच वळायचं. आपण तेच करणार आहोत, फक्त वाफेच्या जागी गाडीच्या वायपरची मोटार. मोटार आणि गियर भंगारात एकत्र मिळतात. उरलेल्या दोन गोष्टी आपण घालायच्या, आणि तुमचा नव्वद टक्के वेळ त्यातच जाणार आहे.

वायपरचीच मोटार का? ती 12 व्होल्टवर चालते, आत वर्म गियर (स्क्रूसारखा दांडा दातेरी चाकाला फिरवतो तो) असतो, आणि हळू वेगावर मिनिटाला साधारण 40 ते 50 फेरे घेते. वर्म गियरचा मोठा फायदा असा की बाहेरून दांडा पिळून मोटार फिरत नाही. वीज गेली तरी राक्षसाचा हात धपकन खाली येत नाही, आहे तिथेच राहतो. पंख्याची किंवा मिक्सरची मोटार यासाठी घेऊ नका. ती 230 व्होल्टची असते, आणि नवशिक्याने मंडपात ते धाडस करू नये.

भंगारात काय बघायचं

पुण्यात असाल तर मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी किंवा रविवारी. मुंबईकरांसाठी कुर्ल्याचा गाड्यांच्या भंगाराचा पट्टा. इतरत्र गॅरेजवाल्याला विचारा, त्याच्या मागच्या खोलीत एखादी पडलेली असतेच. चारचाकीची मोटार मागा. बस-ट्रकच्या मोटारी बहुधा 24 व्होल्टच्या असतात, त्या आपल्या कामाच्या नाहीत.

जाताना यूपीएसमधली 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी, क्लिपा लावलेल्या दोन वायरी आणि गाडीच्या हेडलाइटचा जुना बल्ब पिशवीत टाका. बल्ब कशासाठी? इलेक्ट्रिशियनकडे सिरीज बोर्ड असतो ना, तसा. मोटारीच्या रस्त्यात बल्ब सिरीजमध्ये घातला की करंट सुमारे 5 अँपिअरच्या पुढे जात नाही. मोटार आत जळून शॉर्ट झालेली असेल तर बल्ब भगभगून पेटेल आणि मोटार ढिम्म राहील. चांगली असेल तर बल्ब क्षणभर लाल होऊन मंदावेल आणि मोटार फिरू लागेल. भंगारवाला हसेल, हसू द्या.

नाकही वापरा. जळलेल्या वार्निशचा वास एकदा ओळखला की विसरत नाही. दांडा धरून आडवा हलवा. खडखडला तर बुश गेलेलं आहे. दांडा हाताने फिरवून मात्र बघू नका. वर्ममुळे तो फिरणार नाही, आणि पाना लावून जोर केलात तर आतल्या प्लास्टिकच्या गियरचे दात जातील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: दांड्यावरची ती लोखंडी क्रँक (दांड्यावर आडवी बसणारी पट्टी), नटासकट, मागून घ्या. दांड्याचं टोक निमुळतं असतं, त्यावर बारीक दात असतात. क्रँकचं भोक त्याच मापाचं असतं. ती नसेल तर लेथवाल्याकडे तसं भोक करून घेताना मोटारीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे आणि दोन चकरा जातात. पहिल्या वर्षी मी क्रँक तिथेच टाकून आलो होतो.

वायरी ओळखणे

मोटारीला चार-पाच वायरी दिसतील. रंगांवर विश्वास ठेवू नका, गाडीगणिक ते बदलतात. यातल्या तीन वायरी आत कार्बन ब्रशला जातात: एक सामाईक, एक हळू वेगाची, एक जलद वेगाची. बाकीच्या ‘पार्किंग’च्या, म्हणजे बटण बंद केल्यावरही वायपर काचेच्या कडेला जाऊनच थांबावा यासाठीच्या. आपल्याला ते नको आहे. त्या वायरी इन्सुलेशन टेपने बांधून बाजूला ठेवा.

मल्टिमीटरने ओहम मोजून हळू आणि जलद वायर कळणार नाही, दोन्हींचा रोध एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. बॅटरी आणि सिरीज बल्ब घेऊन जोड्या लावून बघा. ज्या जोडीवर मोटार सावकाश, दमदार फिरते ती आपली. जलद ब्रश तिरका बसवलेला असतो. त्यावर वेग वाढतो पण पीळ घटतो आणि उलट दिशेने मोटार नीट चालत नाही. हळू जोडीवर मात्र प्लस-मायनस उलटे केले की दिशा उलटते, आणि आपल्याला दोन्ही दिशा हव्यात.

आता नवशिक्यांचा ड्रायव्हर (आर्डुइनोच्या हुकमाने मोटारीला वीज देणारं सर्किट) जाळणारी जागा. गाडीत सगळ्या बॉडीला मायनस असतो, म्हणून बऱ्याच वायपर मोटारींत सामाईक ब्रश आतूनच मोटारीच्या पत्र्याला जोडलेला असतो. गाडीत ते चालतं. आपण दिशा उलटवली की तोच पत्रा प्लस होतो. मोटार लोखंडी फ्रेमवर असेल आणि फ्रेमला कुठेतरी मायनस लागलेला असेल, तर शॉर्ट. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक मोटारीच्या पत्र्यावर (रंग खरवडून) आणि दुसरं प्रत्येक वायरीवर. बीप आलाच तर मागचं झाकण उघडून ब्रशचा पत्र्याला असलेला जोड तोडा आणि तिथून स्वतंत्र वायर बाहेर काढा. झाकण उघडताना आर्मेचर (आतला फिरणारा भाग) एकदम ओढू नका. चुंबक तो परत खेचतात आणि स्प्रिंगवरचे ब्रश उडून कुठल्यातरी कोपऱ्यात जातात. जोड तोडणं जमत नसेल तर मोटार 18 मिलिमीटर प्लायवर बसवा, पण लक्षात ठेवा, दांडाही पत्र्याशी जोडलेला असतो. म्हणजे क्रँकपासून पुढे सगळं लोखंड जिवंत. म्हणून मी जोड तोडतोच.

ताकद मोजा, अंदाज नको

मोटार शिकंज्यात पक्की करा, क्रँकला भोकं पाडून एक जाड पट्टी बोल्ट करा आणि दांड्याच्या मध्यापासून 20 सेंटिमीटरवर बादली अडकवा. पट्टी आडवी असताना बॅटरी द्या. उचलली? एक लिटर पाणी घाला. पुन्हा. एक लिटर म्हणजे एक किलो, यापेक्षा स्वस्त वजनं मिळत नाहीत. माझी मोटार 7 लिटर आणि अर्ध्या किलोची बादली जेमतेम उचलत होती: 7.5 × 20 = 150 किलो-सेंटिमीटर. अडायच्या बेताला आली की लगेच वीज तोडा, दोन सेकंदांपेक्षा जास्त तिला तसं ठेवू नका.

150 हा आकडा बघून हुरळून जाऊ नका. रोज तासन्‌तास चालवायचं तर मोजलेल्याच्या निम्मंच धरायचं, म्हणजे 75. आणि आपल्याला लागतात 120. दुसरी मोटार शोधायची? नाही. खांद्याच्या मागच्या बाजूला 20 सेंटिमीटरवर व्यायामशाळेतली 5 किलोची प्लेट बांधली. 5 × 20 = 100. आता मोटारीवर उरतात फक्त 20 किलो-सेंटिमीटर, आणि हे समतोलाचं गणित हात कुठल्याही कोनात असला तरी टिकतं. प्लेट राक्षसाच्या पाठीवरच्या भात्यात लपली. मोठ्या सर्वोच्या नव्याण्णव समस्या अशा काउंटरवेटने सुटतात, लोक मात्र मोटार बदलत बसतात. त्याची किंमत एवढीच की फिरणारं वस्तुमान वाढतं, त्यामुळे हात झटक्यात थांबवता येत नाही. त्यावर उपाय पुढे आहे.

हाताचं वजन मोटारीच्या दांड्यावर टांगू नका. खांद्यासाठी 20 मिलिमीटरचा वेगळा लोखंडी आस घ्या आणि तो दोन पेडेस्टल बेअरिंगमध्ये बसवा. मोटारीची क्रँक आसावरच्या पट्टीला बोल्ट करा. बेअरिंग वजन घेईल, मोटार फक्त पीळ देईल.

डोळा बसवणे

पॉट म्हणजे या सर्वोचा डोळा. 10 किलोओहमचा, लिनिअर. दुकानदाराकडून घेताना त्यावर ‘बी10के’ लिहिलेलं बघा. ‘ए’ लिहिलेला आवाजासाठीचा असतो. त्याचा रोध समान गतीने बदलत नाही, म्हणून तो इथे निरुपयोगी. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड.

पॉट बसवायचा तो खांद्याच्या आसावर, मोटारीजवळ नाही. गियर, क्रँक, बोल्ट यांच्यात थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतोच. मोटारीकडचा कोन मोजलात तर तो प्ले तुम्हाला दिसणारच नाही, हात मात्र डुलत राहील. लेथवाल्याकडून आसाच्या टोकात मधोमध 6 मिलिमीटरचं भोक आणि बाजूने ग्रब स्क्रूसाठी (बिनडोक्याचा स्क्रू) आटे पाडून घ्या. पॉटचा दांडा त्यात घालून आवळा.

आता एक चूक, जी मी स्वतः केली. पॉटचं अंग मी फ्रेमला नटाने घट्ट बसवलं होतं. भोक केसभर वाकडं होतं, आस फिरताना पॉटचा दांडा आडवा रेटला जायचा. दोन दिवसांत पॉट खिळखिळा. पॉटचं अंग मोकळं तरंगतं ठेवा. त्याच्या पाठीला पत्र्याची एक जीभ चिकटवा आणि ती जीभ फ्रेममधल्या खाचेत अडकवा. अंग फिरत नाही, पण आसाबरोबर थोडं हलू शकतं.

पॉटला तीन पाय. कडेचे दोन आर्डुइनोच्या 5 व्होल्ट आणि ग्राउंडला, मधला अ‍ॅनालॉग पिनला. आर्डुइनोच्या टोकाला, ती पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये, दोन गोष्टी जोडा: 104 छापलेला कपॅसिटर, म्हणजे मोटारीचा खरखराट गाळला जाईल, आणि 100 किलोओहमचा रोध. मधली वायर कधी तुटलीच, तर या रोधामुळे आकडा शून्यावर पडतो, इकडेतिकडे भटकत नाही. शून्य दिसलं की प्रोग्रॅमने मोटार बंद करायची. या एका रोधाने दोनदा राक्षसाचा हात वाचवला आहे.

ड्रायव्हर आणि वीज

एल298एन नावाचा लाल ड्रायव्हर सगळ्या किटमध्ये असतो. तो एका बाजूला 2 अँपिअरचा आहे. वायपरची मोटार रिकामी फिरतानाच त्याच्या आसपास घेते आणि अडली तर 20 च्या पुढे जाते. दोन बीटीएस7960 चिपा असलेलं मोड्यूल घ्या. त्यावर 43 अँपिअर लिहिलेलं असतं, ते लग्नाच्या पत्रिकेतल्या वेळेसारखं समजा. 10 अँपिअरपर्यंत ते निवांत चालतं, आपल्याला तेवढं पुरतं.

जोडणी अशी:

1. बॅटरीच्या प्लसवर, बॅटरीपासून वीतभर अंतरात, 15 अँपिअरचा गाडीचा पातीचा फ्यूज. त्यानंतर लाल छत्रीवाला आणीबाणीचा स्विच, तो हाताशी राहील अशा जागी. मग ड्रायव्हर. लेड-अ‍ॅसिड बॅटरी शॉर्ट झाली तर वायर विस्तवासारखी लाल होते, म्हणून फ्यूज आधी बसवायचा आणि बाकी सगळं नंतर.

2. बॅटरी, ड्रायव्हर आणि मोटार यांच्यामध्ये 2.5 चौरस मिलिमीटरची वायर. ड्रायव्हरच्या बॅटरी टर्मिनलवर 2200 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा कपॅसिटर, प्लस-मायनस तपासून. उलटा लावला तर फटाका.

3. ड्रायव्हरच्या दोन पीडब्ल्यूएम पिना (वीज झटपट चालू-बंद करून मोटारीचा जोर ठरवणारा सिग्नल म्हणजे पीडब्ल्यूएम) आर्डुइनोच्या 9 आणि 10 वर. दोन्ही इनेबल पिना (ड्रायव्हर चालू-बंद करणाऱ्या) एकत्र करून तिसऱ्या पिनवर. तिन्हींना ग्राउंडकडे 10 किलोओहमचे रोध, म्हणजे आर्डुइनो सुरू होताना पिना अधांतरी असल्या तरी मोटार झोपलेलीच राहील.

4. आर्डुइनोला वेगळी वीज, मोबाईल चार्जरची चालेल. मोटारीच्याच बॅटरीवर साध्या रेग्युलेटरने चालवलात तर मोटार सुटताना व्होल्टेज खचतं आणि आर्डुइनो रिसेट होतो. ग्राउंड मात्र दोघांचं एकच हवं, नाहीतर पीडब्ल्यूएमला काही अर्थच राहत नाही.

5. हाताच्या दोन्ही टोकांना लिमिट स्विच, म्हणजे हात टेकला की दाबला जाणारा स्विच. मोटारीचा जड करंट त्यातून नेऊ नका. स्विचचा नेहमी जोडलेला संपर्क त्या-त्या दिशेच्या पीडब्ल्यूएम वायरीत घाला आणि 10 किलोओहमचा रोध ड्रायव्हरच्या बाजूला राहू द्या. हात टोकाला लागला की ती दिशा मेली, परतीची दिशा जिवंत. प्रोग्रॅम चुकला तरी हे काम करतं, म्हणून हा पाचवा मुद्दा गाळू नका.

संगणकाच्या जुन्या एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर) चालेल का, असं सगळे विचारतात. चालतो, पण मोटार एकदम सुटताना किंवा दिशा बदलताना तो बऱ्याचदा स्वतःला बंद करून घेतो. ऐन आरतीच्या वेळी राक्षस अर्धवट हात वर करून थांबला तर पोरं जे काही बोलतात ते ऐकायची तयारी असेल तर वापरा. मी बॅटरी वापरतो आणि रात्री चार्जिंगला लावतो.

पहिला स्टार्ट

हात काढून ठेवा. फक्त आस, मोटार, पॉट. सिरीज बल्ब पुन्हा रस्त्यात घाला. प्रोग्रॅम इतकाच: 255 पैकी 50 च्या पीडब्ल्यूएमने एक दिशा अर्धा सेकंद, आणि पॉटचा आकडा संगणकावर छापा.

‘पुढे’ म्हटल्यावर आकडा वाढला पाहिजे. कमी होत असेल तर पॉटच्या कडेच्या दोन वायरी अदलाबदल करा. ही खात्री करून न घेता पुढे गेलात, तर चूक कमी करण्याऐवजी सर्वो ती वाढवत सुटतो, पूर्ण जोराने एका टोकाकडे. म्हणून हात काढलेला, म्हणून बल्ब, म्हणून लिमिट स्विच. त्याच वेळी कुठला स्विच कुठल्या दिशेला आहे ते बोटाने दाबून तपासा.

मग आस हळूहळू दोन्ही टोकांना नेऊन आकडे लिहून घ्या. माझे खाली 210 आणि वर 640 होते. पॉट सुमारे 300 अंश फिरतो आणि आर्डुइनो त्याचे 1024 भाग करतो, म्हणजे एक आकडा सुमारे 0.29 अंश. 430 आकडे म्हणजे जवळपास 125 अंश. राक्षसाला तेवढं पुरे. पॉटच्या पट्टीचा मधला भागच वापरला जाईल असा तो बसवा, टोकांना तो बेभरवशाचा असतो.

मेंदू

प्रोग्रॅमचा गाभा मराठीत लिहिला तर असा. दर 10 मिलिसेकंदांनी हे सगळं एकदा होतं:

पॉट चार वेळा वाचा, सरासरी म्हणजे ‘खरा’.
‘खरा’ 20 हून कमी किंवा 1000 हून जास्त असेल, तर इनेबल बंद, लाल दिवा चालू, इथेच थांबा.
‘लक्ष्य’ शेवटच्या जागेच्या (हात शेवटी जिथे पोहोचायचा आहे तिच्या) दिशेने 1 आकडा सरकवा.
चूक = लक्ष्य वजा खरा.
जोर = 4 × चूक, वजा 8 × (खरा वजा मागचा खरा).
जोर शून्य नसेल तर त्याच दिशेने 35 मिळवा. 160 च्या वर जाऊ देऊ नका.
जोर अधिक असेल तर पिन 9 वर, उणे असेल तर चिन्ह काढून पिन 10 वर. दुसरी पिन शून्य.

यातला एकेक आकडा का, ते सांगतो, कारण तुमच्या मोटारीला ते बदलावे लागतील.

तो 4 म्हणजे चुकीच्या प्रमाणात जोर. कमी ठेवला तर हात आळशी, जास्त ठेवला तर लक्ष्याच्या आजूबाजूला थरथरत राहतो. 1 पासून सुरू करा, थरथर सुरू झाली की थोडा मागे या. तो 8 म्हणजे ब्रेक: हात जितका वेगात, तितका उलटा जोर. काउंटरवेटमुळे जड झालेला हात लक्ष्यापुढे घसरून परत येत असेल तर हाच वाढवायचा. फार वाढवलात तर पॉटमधली बारीक खरखरही मोठी होऊन मोटार गुरगुरायला लागते. 35 हा घर्षणाचा कर आहे, त्याहून कमी पीडब्ल्यूएमला मोटार नुसती गुणगुणते, हलत नाही.

लक्ष्य एकदम न बदलता 1-1 आकड्याने सरकवणं, हाच तो मघाशी राहिलेला उपाय. 10 मिलिसेकंदाला एक आकडा म्हणजे सेकंदाला सुमारे 29 अंश, 90 अंशांना तीन सेकंद. हात डौलात उठतो, गियरच्या दातांना धक्का बसत नाही. नाहीतर रिकामी मोटार 45 फेऱ्यांच्या वेगाने तेच 90 अंश एक तृतीयांश सेकंदात काढते, आणि त्या हातासमोर लहान मूल उभं असू शकतं.

आता माफीचा पट्टा, इंग्रजी पुस्तकांत ज्याला डेडबँड म्हणतात. चूक 3 आकड्यांच्या आत असेल तर दोन्ही पीडब्ल्यूएम शून्य करा. इनेबल चालू असताना दोन्ही शून्य झाले की हा ड्रायव्हर मोटारीची दोन्ही टोकं एकमेकांना जोडतो, म्हणजे ब्रेकच लागतो. वर्म गियर हात धरून ठेवतोच, त्यामुळे करंट नाही, उष्णता नाही. हा पट्टा नसेल तर मोटार एका आकड्यासाठी रात्रभर मागेपुढे करत राहते. पण तो फक्त लक्ष्य शेवटच्या जागी पोहोचल्यावर लावा. मी आधी तो कायम लावला होता. त्यामुळे हात वर जाताना थांब-चाल, थांब-चाल करत आचके द्यायचा, आणि मी आठवडाभर गियरला दोष देत होतो.

प्रमाणातला जोर आणि ब्रेक यांच्या जोडीला पुस्तकांत इंटिग्रल नावाचा तिसरा भाग असतो, तो मी मुद्दाम घातलेला नाही. हात कुठे अडकला तर तो चूक साठवत बसतो आणि सुटल्यावर एकदम उसळतो. एका अंशाच्या अचूकतेसाठी राक्षसाला त्याची गरज नाही.

त्याऐवजी अडकण्याची तपासणी घाला: जोर 120 च्या वर आहे, आणि अर्ध्या सेकंदात ‘खरा’ 3 आकडेही बदललेला नाही, तर मोटार बंद आणि दिवा. हार अडकला, पताका गुंडाळली, कुणाचा हात आला, काहीही असू शकतं. आपोआप पुन्हा सुरू करू नका, माणसाने येऊन बटण दाबू द्या.

रिमोटच्या रिसीव्हरला किंवा दुसऱ्या कंट्रोलरला हा साध्या सर्वोसारखाच वाटावा असं हवं असेल, तर एका पिनवर नेहमीचा सिग्नल वाचा: दर 20 मिलिसेकंदांनी एक ठोका, 1 मिलिसेकंद लांब म्हणजे एक टोक, 2 म्हणजे दुसरं, दीड म्हणजे मध्य. तो आकडा 210 ते 640 मध्ये बसवला की झालं. ठोके येणं थांबलं तर आहे तिथेच थांबायचं, हेही लिहा.

हात चढवल्यावर

पहिल्यांदा 160 ची मर्यादा 90 वर आणा (तेवढ्यापुरती 120 ची अडकण्याची तपासणी लागू होत नाही). एकाने आणीबाणीच्या स्विचवर हात ठेवायचा, दुसऱ्याने संगणक बघायचा. एकट्याने करू नका, आणि खांद्याच्या सांध्यात बोट घालून ‘कुठे घासतंय’ ते बघण्याचा मोह आवरा. सांधा चाचपायचा असेल तर बॅटरीची वायर काढून.

दहा मिनिटं चालवून मोटारीच्या पत्र्यावर तळहात ठेवा. पाच सेकंद ठेववत नसेल तर ती फार तापते आहे, काउंटरवेट नीट जुळवा किंवा दोन हालचालींमध्ये विश्रांती वाढवा. राक्षसाने दर वीस सेकंदांनी हात उगारला तरी तो भीतिदायक वाटतो. सतत हलला तर पंखा वाटतो.

भाद्रपदात पाऊस असतोच. ड्रायव्हर आणि आर्डुइनो झाकणाच्या डब्यात ठेवा, वायरी डब्याच्या खालून आत न्या म्हणजे थेंब वायरीवरून घरंगळत आत येणार नाहीत. पॉटवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा टोपीसारखा ओढा. ओला झालेला पॉट आकडे नाचवतो आणि हात कापरं भरल्यासारखा हलतो. लोकांना तो अभिनय वाटला होता, पण मोटार तापली.

पॉट हाच यातला झिजणारा भाग. दहा सेकंदांचं एक आवर्तन, रोज चार तास, म्हणजे दिवसाला 1440 आणि दहा दिवसांत 14,400. साध्या कार्बन पॉटचं आयुष्य साधारण दहा-पंधरा हजार फेऱ्यांचं असतं. म्हणजे अनंत चतुर्दशीपर्यंत तो बरोबर संपत आलेला असतो. म्हणून मी दरवर्षी नवा घालतो आणि एक जास्तीचा, वायरी सोल्डर केलेला, डब्यात ठेवतो. कंटाळा असेल तर आसाच्या टोकाला छोटं चुंबक चिकटवून समोर एएस5600 ही चुंबकीय कोन मोजणारी चिप लावा. तिला काही घासतच नाही, आणि एका फेऱ्याचे ती 4096 भाग करते. तिला लागणारे दोन सिग्नल मात्र मोटारीच्या वायरींपासून दूर न्यावे लागतात.

पॉट बदलला की 210 आणि 640 हे आकडेही बदलतात. ते पुन्हा मोजा, आणि जुने खोडून नवे डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा. पुढच्या वर्षी देखावा लावणारा मुलगा तुम्ही नसाल, आणि रात्री एक वाजता तो तुम्हाला फोन करून तेच विचारणार असतो.